जवाचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवीला सांगायचा प्रश्नच नव्हता — ती त्या दिवशी आमच्या दारातच होती, माझ्या खांद्यावर. तिला ठाऊक असेल तर असेल. माणसांत मात्र कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय म्हणाल, तर तुम्ही आमच्या गावचे नाही. दुसरं कारण असेल तर ते मलाही नीट कळलेलं नाही.

परवा ठाण्याच्या बाजारात गेलो होतो. तिथे एक शाळामास्तर चार माणसांना सांगत होते की विलायतेत म्हणे एक नवा उजेड निघाला आहे. तो माणसाच्या अंगातून आरपार जातो, आणि आतली हाडं दिसतात — जिवंत माणसाची. लोक हसले. मी हसलो नाही. मी मास्तरांना विचारलं, हाडंच दिसतात, की गुर्दे पण दिसतात? ते म्हणाले, बाबा रे, ते मला कुठे ठाऊक. पण तुला गुर्द्याचंच कसं सुचलं?

मी मिठाच्या गोणीला टेकून बसून राहिलो.

आमचं गाव ठाणं आणि कल्याणच्या मध्ये, खाडीच्या काठाला. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं आमची. चैत्रात तिथे दुपारी उभं राहून पाहिलंय कधी? नजर जाईल तिथवर पांढरं. वरून ऊन, खालून ऊन. माणूस बांधावरून चालत येत असला तर त्याचे पाय दिसत नाहीत, नुसता वरचा अर्धा तरंगत येतो. लहानपणी मला वाटायचं, मेलेली माणसं अशीच येत असतील. आणि एवढं पाणी चहूकडे, पण पिण्याजोगं थेंबभर नाही. गोडं पाणी रेल्वेच्या भरावापलीकडच्या विहिरीचं. ते डोक्यावरून आणायचं. आमच्याकडे पाणी सांडलं तर पोराला मार बसतो.

मी भलतीकडेच चाललोय. मला ठाऊक आहे.

आमच्या घरात तेव्हा चौघं. बाबा, माझा थोरला भाऊ — दादा, त्याची बायको चांगुणावहिनी, आणि मी, जोमा. आई मी लहान असतानाच गेलेली. मला मिसरूड फुटून थोडे दिवस झाले होते. वहिनी आंबिवलीची. तिच्या माहेरच्या कुणाला तरी कल्याणच्या दवाखान्यात गुण आला होता, त्यामुळे तिचा डाक्तरांवर विश्वास. आमच्या गावात तो कुणाचाच नव्हता. दुखलं-खुपलं की भगताकडे जायचं, अंगारा लावायचा.

त्या साली चैत्रात बाबांच्या कुशीत कळ धरली. श्वास घेतला की कळ, खोकला आला की कळ. अंगात ताप. भगताने नारळ उतरवून टाकला, लिंबू कापलं, काही झालं नाही. माणूस आडवा होईना, बसूनच झोपायचा. तेव्हा वहिनीने दादापुढे जेवणाचं ताट ठेवलं नि म्हणाली, ह्यांना होडीत घालून ठाण्याला न्या, नाहीतर मी नेते. दादा हसला. सुनेने सासऱ्याला दवाखान्यात न्यायचं? पण नेलं. मी पण गेलो.

डाक्तर आपल्यातलेच होते, देशावरचे. शांत माणूस. त्यांनी बाबांच्या पाठीला कान लावला, बोटांनी ठोकून पाहिलं आणि म्हणाले, कुशीत आत पाणी धरलंय. मग कापडावर एक काळपट लेप पसरून दिला. तेलणी माशीचा. ती वाटून केलेला लेप कातडीवर ठेवला की फोड उठतो, आणि आतलं दुखणं फोडावाटे बाहेर ओढलं जातं — तेव्हाची ती रीत होती. आता करतात की नाही, मला ठाऊक नाही.

लेप देताना त्यांनी दादाला आणि मला समोर बसवलं; बाबा तापाच्या ग्लानीत भिंतीला टेकले होते. त्यांचे शब्द मला अजून तसेच्या तसे ऐकू येतात. म्हणाले, "माशी जालीम आहे. तिचं थोडं विष रक्तात उतरतं आणि तिथून मूत्रपिंडांत जातं. तिथे साचलं तर माणूस जातो. तेव्हा लेप अंगावर आहे तोवर ह्यांना जवाचं पाणी पाजत राहा. तहान असो, नसो. ह्यांना लघवी होत राहिली पाहिजे. पाणी आत जाईल, विष बाहेर येईल."

दादाने विचारलं, मूत्रपिंड म्हणजे काय. मी सांगितलं — गुर्दे. बोकड कापताना पाहिले होते ना. घेवड्याच्या दाण्यासारखे दोन, चरबीत बसलेले. डाक्तर म्हणाले, बरोबर, तेच. मला बरं वाटलं. आमच्या घरात मीच तेवढा शाळेची पायरी चढलेला.

आणि मला ते कळलं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं ते न कळून झालं नाही. मिठागरवाल्याला ही गोष्ट दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळते. वाहत्या पाण्यात मीठ धरत नाही. पाणी कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, अडवून ठेवलं, वरून ऊन तापलं, की तळाशी खडा बसायला लागतो. जन्मभर आम्ही दुसरं काय केलं?

लेप लावायचा दिवस आला तो नेमका जत्रेचा. एक दिवस थांबूया, असं दादा म्हणत होता. बाबाच ऐकेनात. म्हणाले, आजच लावा. सांजच्याला पालखी दारात येईल तेव्हा मला बसून हात जोडायचे आहेत, असं कण्हत नाही.

आता पालखीचं सांगायला हवं. गावदेवीच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. मान आमचा. माझ्या आज्याने वाहिला, बाबांनी वाहिला. त्या साली बाबा आजारी, आणि चैत्रातली मोठी भरती नेमकी त्याच दिवशी. भरतीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीवर दादाला उभं राहणं भाग होतं. बांध फुटला असता तर सगळा हंगाम गेला असता. तेव्हा खांदा माझ्याकडे आला. पहिल्यांदा. मी किती रात्री त्या खांद्याची स्वप्नं पाहिली होती, सांगू? गुलाल, ढोल, दोन्ही बाजूंना माणसं वाकताहेत, आणि मी पुढे.

पण पुढच्या खांद्याला सोवळं कडक. सकाळी आंघोळ करून पांढरं नेसायचं, आणि पालखी देवळात परत जाईपर्यंत कसलाही विटाळ होऊ द्यायचा नाही. मढं नको, बाळंतीण नको, कुणाचं मलमूत्र तर नकोच नको. झालाच विटाळ तर पुन्हा आंघोळ करून चालत नाही. खांदा त्या साली दुसऱ्या घराकडे जातो. आणि गेलेला खांदा परत येत नाही, असं सगळे म्हणायचे.

तुमच्या लक्षात आलं असेल आता.

सकाळी दादाने लेप लावला, तांब्याभर जवाचं पाणी पाजलं, बाबांना धरून मातीच्या गाडग्यात लघवी करवली, ते बाहेर ओतून आला आणि उघाडीवर गेला. वहिनीने जव उकळून मोठं मडकं भरून ठेवलं होतं. ती काही आतल्या खोलीत येणार नव्हती. सासरा उघडा पडलेला, त्याला धरून गाडगं लावणं सुनेचं काम नाही. दारातूनच मला म्हणाली, भावजी, मडकं रिकामं झालं की सांगा, मी दुसरं भरते. आणि ती नैवेद्याच्या कामाला गेली.

मी पांढरं नेसून बाबांच्या उशाशी बसलो. खिडकीतून तो पांढरा उजेड आत येत होता. लांब कुठेतरी ढोल घुमायला लागला होता, पाण्यावरून यायचा, मध्येच विरायचा. माझे डोळे मिटायचे. मला तेव्हाच पालखी दिसायला लागली होती.

बाबा म्हणाले, "जोमा, पानी दे रं जरा."

मी तांब्या भरला. भरलेला तांब्या हातात घेऊन तसाच थांबलो. आत गेलेलं बाहेर यायचं. मग मला त्यांना धरावं लागणार, गाडगं धरावं लागणार. शिंतोडा उडणार. माझं पांढरं धोतर—

मी काय केलं असतं तर चाललं असतं? शेजारी म्हातारा काका होता, त्याला हाक मारायची. वहिनीला सांगायचं, ती कुणाला तरी घेऊन आली असती. खांदा सोडायचा. हे सगळं मला तेव्हाही सुचलं होतं. सुचलं आणि मी ते बाजूला सारलं.

मी बाबांना म्हणालो, "डाक्तरांनी सांगितलंय, थोडं थांबायचं. लेप चढतोय तोवर पाणी द्यायचं नाही."

झालं. हेच ते. एवढंच मला सांगायचं होतं, आणि इथवर यायला मला किती वळणं घ्यावी लागली पाहा.

बाबांनी मान हलवली. म्हणाले, बरं. ते शिकलेले हायेत.

चैत्राचं ऊन. अंगात ताप. कुशीवर ती माशी जळत होती. आणि त्या माणसाने पुन्हा पाणी मागितलं नाही. मधून मधून ओठांवरून जीभ फिरवायचे आणि माझ्याकडे पाहायचे. मी खिडकीबाहेर पाहायचो. वहिनीला संशय येऊ नये म्हणून मी मडक्यातलं पाणी खिडकीतून जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. हळू ओतलं. ओतताना मनात आलं, हा आवाज त्यांना ऐकू येत असेल का? पाण्याचा आवाज. आमच्या गावात, जिथे पाण्याचा थेंब सांडत नाहीत.

वहिनीने दारातून विचारलं, झालं का मडकं? मी म्हणालो, झालं. ती केवढी खूश झाली. दुसरं भरून ठेवून गेली. तेही मी ओतलं.

संध्याकाळी मी पालखी घेतली. खोटं कशाला बोलू, तशी संध्याकाळ माझ्या आयुष्यात पुन्हा आली नाही. गुलालात सगळं गाव बुडालेलं, पायाखाली जमीन आहे की नाही ते कळत नव्हतं, खांद्यावर वजनच नव्हतं. मिठागरावर सूर्य बुडत होता नि सगळ्या कोंड्या लाल झाल्या होत्या. पालखी आमच्या दारात थांबली. दादा उघाडीवरून परत आला होता. त्याने बाबांना उचलून उंबऱ्यात बसवलं होतं. लेप काढला होता, फोड चांगला उठला होता, कळही कमी होती. बाबांनी हात जोडले. आधी देवीला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. कौतुकाने. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, मी ते पाहिलं. पाहिलं आणि पालखी घेऊन पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळायला लागलं. मग थेंब थेंब, लालसर. मग तेही थांबलं. आता वहिनी मडक्यांवर मडकी उकळत होती, दादा पाजत होता, मीही पाजत होतो — विटाळाचं भय आता नव्हतं. पण आत गेलेलं बाहेर येईना. पाय सुजले, तोंड सुजलं, डोळे बारीक झाले. लघवी थांबली त्याच दिवशी देवळातून पानात बांधून मानाचा वाटा आला. बोकडाचे दोन गुर्दे. पुढच्या खांद्याचा तो मान असतो. मी पान उघडलं, पाहिलं आणि पुन्हा बांधलं.

डाक्तर होडीने आले. कुणी बोलावलं तर येणारा माणूस होता तो. त्यांनी गुंगीत पडलेल्या बाबांचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, पाणी पाजलं होतं ना?

वहिनी पदर सावरून दारातून म्हणाली, दोन मडकी. मी स्वतः भरली. भावजींनी पाजली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो.

डाक्तरांनी बाबांच्या कुशीवरचा फोड पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "मग माझाच लेप मोठा झाला. चूक माझी आहे." असं म्हणाले. सगळ्या गावासमोर. त्यांना असं म्हणायची काही गरज नव्हती. मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर त्यांच्यावरचं ओझं उतरलं असतं. मी भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत राहिलो.

बाबा गुंगीतच गेले. शेवटी शेवटी त्यांना कुणी ओळखू येत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं म्हणायचं का? मला नाही वाटत.

पुढे आमच्या गावातून त्या दवाखान्यात कुणी गेलं नाही. पोरं तापाने फणफणली तरी नाही. तिथे माशी लावून मारतात, असं बायका म्हणायच्या. किती जण त्यामुळे घरातच राहिले असतील, मी कधी विचार केला नाही. म्हणजे केला, पण अर्ध्यावर सोडून दिला.

आणि वहिनी. भगत म्हणाला, जत्रेच्या दिवशी खांद्याच्या घरात किडा वाटून लावला, देवी कोपली. कुणी आणला किडा घरात? हिने. दवाखान्याचं खूळ कुणाचं? हिचं. दादाचा बाबांवर फार जीव. त्याने तिला मारलं नाही, तो ओरडलाही नाही. फक्त एक दिवस मला म्हणाला, गाडी जुंप आणि हिला आंबिवलीला सोडून ये.

मीच सोडून आलो. कल्याण मागे पडलं, रस्ता नदीत उतरला. पाणी गुडघ्याएवढंच होतं. मध्यावर बैल थांबले आणि पाणी प्यायला लागले. मी हाकलं नाही. दुपारचा तो उजेड, नदी हळू वाहत होती, बैलांच्या पिण्याचा आवाज, बाकी काही नाही. मला वाटत होतं आपण दोघं नि बैल असेच तिथे राहू, कुणी कधी काठावर जाणार नाही.

मग वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही सगळं पाजलंत ना?"

मी म्हणालो, "हो, वहिनी."

ती पाण्याकडे पाहायला लागली. म्हणाली, "मग माझंच चुकलं. जव कमी घातले असणार मी. पातळ झालं असणार."

मी बैल हाकलले.

दादाने तिला परत आणलं नाही. दुसरी केली. तीही बरी होती, दादाही आता नाही. चांगुणावहिनी मात्र आहे. आंबिवलीलाच, भावाच्या घरात, मागल्या पडवीत. तिथे कुणीही आजारी पडलं की ती जव उकळायला बसते. घट्ट करते, फार घट्ट, इतकं की गिळवत नाही. वरून पुन्हा चाखून पाहते, पातळ तर नाही ना झालं. घरातले तिला हसतात. मी ते पाहिलं आहे.

दर साली जत्रा झाली की मी देवीचा प्रसाद घेऊन तिच्याकडे जातो. पुढचा खांदा अजून माझाच आहे. गेलेला खांदा परत येत नाही म्हणतात, तो माझा कधी गेलाच नाही.

ह्या साली मी तिला सांगायचं ठरवून गेलो होतो. तो मास्तरांचा उजेड डोक्यात होता. वाटेत शब्द जुळवले, नदीत बैल थांबले तेव्हा मोठ्याने म्हणूनही पाहिले. ती पडवीत सूप घेऊन बसली होती. मला पाहून उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि आत गेली. उन्हातून आलेल्या माणसाला ती आधी पाणी देते, मग बोलते. तांब्या भरून आणला, काठोकाठ, आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. नेहमीच अशी उभी राहते.

मी सगळं प्यालो. तिने तांब्यात डोकावून पाहिलं, रिकामा आहे ना ते.

"अजून देऊ, भावजी?"

दे म्हटलं. तिने दुसरा भरून आणला. तोही मी प्यालो आणि घरी आलो.